नवव्या दिवसाचा ठसा

बाप्तिस्मा घेऊन आठच दिवस झाले होते, आणि नवव्या दिवशी धाकटा चोवीस वेळा खोटं बोलला. तेही तोंडाने नाही. तोंडाने बोललेलं निदान हवेत विरून तरी जातं. धाकट्याने ते हातोडीने लोखंडावर ठोकून ठेवलं.

घरचं वर्कशॉप होतं, वरच्या मजल्यावर सगळ्यांचं राहणं. इमारतींच्या भिंतींवर आग विझवायच्या ज्या लाल टाक्या टांगलेल्या असतात, त्या तपासून, भरून परत द्यायच्या, हा धंदा. वडिलांनी सुरू केला, ते गेल्यावर थोरल्याने सांभाळला, आणि धाकटा थोरल्याच्या हाताखाली. तपासायची रीत ठरलेली. टाकीतली पावडर काढायची, तोंडापर्यंत पाणी भरायचं, पंपाला जोडायची आणि मीटरचा काटा लाल रेघेवर येईपर्यंत दाब द्यायचा. मग थांबायचं. काटा हलला नाही आणि टाकीला कुठे घाम फुटला नाही, की पास. मग वाळवायची, भरायची आणि गळ्यावर तारीख आणि तपासणाऱ्याचा ठसा मारायचा. थोरल्याचा ठसा एक नंबर, धाकट्याचा दोन. एका टाकीला सगळं मिळून अर्धा तास जातो.

वडिलांना अर्धा तास लागत नसे. ते रिकामी टाकी दोरीला टांगायचे, छोटी हातोडी तिच्या पोटावर हलकेच मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. टाकी खणखणीत वाजली की पास, बद्द वाजली की भंगारात. पंप कोपऱ्यात धूळ खात पडलेला असे. पोरांनाही त्यांनी हेच शिकवलं. थोरल्याचा कान बरा होता, धाकट्याचा त्याहून तयार. वर्कशॉपात सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि खोटं कशाला सांगा, ते ऐकून त्याची छाती फुगायची.

पण बाप्तिस्म्याच्या दिवशी हा शहाणा मंडळीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आजपासून माझ्या तोंडून आणि माझ्या हातून खोटं होणार नाही." असं काही बोल म्हणून कुणी त्याला सांगितलं नव्हतं. नव्या माणसाला उत्साह फार. पुढचे आठ दिवस त्याने प्रत्येक टाकी पंपावर लावूनच ठसा मारला.

मंडळी म्हणजे जेमतेम पंधरा माणसं. रविवारी सकाळी एका निवृत्त नर्सबाईंच्या पुढच्या खोलीत जमायची. वडिलांच्या शेवटच्या महिन्यात याच नर्सबाई घरी यायच्या, त्यांच्या पाठीच्या जखमा धुवायच्या आणि वडिलांच्या शिव्या खायच्या. एवढ्या शिव्या खाऊन दुसऱ्या दिवशी ही बाई पुन्हा कशी येते, हे धाकट्याला कळेना. त्याने विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि वर्षभराने तो गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता.

घरात मात्र सुतकी शांतता पसरली. आईने बोलणं टाकलं. बायको भांडली नाही, पण ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. थोरल्याने तर त्याचं नाव घेणंच सोडलं. काही सांगायचं असेल तर तो रंगाऱ्याला सांगे, आणि रंगारी चार पावलांवर उभ्या असलेल्या धाकट्याला सांगे. रंगारी टाक्यांना लाल रंग मारायचा आणि दिवसभर जिभेचा पट्टा चालू ठेवायचा. त्याला ही दुभाषाची नोकरी भलतीच आवडली होती.

आणि नवव्या दिवशी थोरला स्वतःहून जवळ आला. हॉस्पिटलच्या चोवीस टाक्या होत्या, संध्याकाळी पोचवायच्या होत्या, आणि अजून एकीतही पाणी भरलेलं नव्हतं. त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कानसेन, आज तूच वाचव बाबा. कानाने उरकून टाक."

बाप्तिस्मा ठरल्यापासून भावाचा हात खांद्यावर पडला नव्हता. धाकटा विरघळला. म्हणजे त्याला आठवलं नाही असं नाही. पहिली टाकी वाजवून झाल्यावर ठसा गळ्यावर टेकवला आणि हातोडी वर उचलली तेव्हा त्याला सगळं लख्ख आठवलं. हात तसाच राहिला.

"काय रे, प्रार्थना म्हणायची राहिली काय?" रंगारी ओरडला, आणि सगळे हसले. थोरलाही हसला, पण प्रेमाने.

धाकट्याने हातोडी मारली. दुसऱ्या टाकीला कमी जड गेलं. दहावीनंतर काहीच वाटेना. संध्याकाळी थोरल्याने घरी सगळ्यांसमोर त्याला नावाने हाक मारली, आणि आईने त्याचं ताट स्वतः वाढलं.

त्या रविवारी धाकट्याने बायकोला सांगितलं, डोकं दुखतंय. पुढच्या रविवारीही डोकं दुखलं. बायको खुळी नव्हती.

"अहो, रविवारीच बरं दुखतं तुमचं डोकं," ती म्हणाली. "मला तिथलं काही कळत नाही. पण तिकडे जायचात तेव्हा निदान झोपायचात तरी."

हे खरं होतं. झोप उडाली होती. प्रार्थनेला बसला की "प्रभू" एवढा एकच शब्द यायचा, आणि पुढे डोळ्यांसमोर टाक्यांचे गळे. आपण बनावट आहोत, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. आठ दिवस टिकलेला विश्वास हा काय विश्वास म्हणायचा? दुकानातून आणलेली चप्पलसुद्धा याहून जास्त चालते. मग एका बुधवारी दुपारी त्याने बाप्तिस्म्याच्या दिवशी मिळालेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पिशवीत घातलं आणि परत करायला नर्सबाईंकडे गेला.

नर्सबाई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी "ये" म्हणायच्या आधीच चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. चादर ओढून धरल्याधरल्या त्याने सगळं सांगितलं. सांगताना आवाज फुटला. त्याला वाटलं होतं, बाई डोक्यावर हात ठेवतील, होतं असं सुरुवातीला, म्हणतील.

"कुठे टांगल्यात?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"टाक्या. कुठल्या कुठल्या वॉर्डात? त्या हॉस्पिटलात तीस वर्षं काढलीत मी. कुठे टांगल्यात?"

धाकट्याला माहीत होतं, टॅगवर लिहिलेलं असतं. बाळंतिणींचा, भाजलेल्यांचा, लहान मुलांचा. तो खाली बघत एकेक नाव सांगत गेला.

"आणि टाकी खराब असली तर काय होतं?"

"दाब निघून जातो. आग लागली आणि दांडा दाबला तर नुसती फुस्स. नाहीतर बूड फाटतं. धरणाऱ्याच्या अंगावर येते."

बाईंनी चादरीची घडी त्याच्या हातातून काढून घेतली. "मग माझ्यापुढे काय रडतोस? टाक्या काय माझ्याकडे आहेत?"

"बाई, मी हे परत करायला आलोय." त्याने पिशवी पुढे केली. "मला नाही झेपणार. आठ दिवसांत पडलो मी."

"मी सहाव्या दिवशी पडले," बाई म्हणाल्या. "ताप न मोजता तक्त्यावर आकडा लिहिला. झोपेतल्या पेशंटला उठवायचा कंटाळा. सकाळी मोठ्या सिस्टरला जाऊन सांगावं लागलं. सगळ्यांदेखत कान उपटले त्यांनी. मला वाटलं, आता संपलं. पण संपलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा थर्मामीटर घेऊन जावं लागलं." त्यांनी दुसरी चादर उचलली. "पुस्तक ठेव तुझ्याकडे. आधी टाक्या आण. धर हे टोक."

धाकटा चिडून घरी गेला. मायेचे दोन शब्द मागायला गेलेल्या माणसाला बाईने कामाला लावलं होतं. चिडचिड झाली खरी, पण त्या रात्री त्याला झोप लागली.

सकाळी त्याने वर्कशॉपात पाऊल टाकताच सांगितलं, धीर गळायच्या आत. "दादा, हॉस्पिटलच्या चोवीस टाक्या परत आणायच्यात. मी पंपावर लावल्या नव्हत्या."

थोरल्याला आधी कळलंच नाही. "लावल्या नव्हत्यास हे मला माहीतच आहे. मीच सांगितलं होतं."

"म्हणून परत आणायच्यात."

थोरल्याने हातातला पाना खाली ठेवला. रंगाऱ्याचा ब्रश थांबला.

"हॉस्पिटलात जाऊन सांगणार काय तू? आम्ही फसवलं म्हणून?"

"मी फसवलं म्हणून. ठसा माझा आहे."

"ठसा तुझा, पण पाटी कुणाची आहे बाहेर? बापाची! चाळीस वर्षं कानाने टाक्या पास केल्या त्या माणसाने. एक तरी फुटली? तू काल पाण्यात बुडी मारून आलास आणि आता बापाला खोटा ठरवणार?"

"बाबांबद्दल मी काही बोलत नाहीये."

"दुसरं काय बोलतोयस मग?" थोरल्याचा आवाज चढला. "दोन्हीपैकी एक काय ते धर. ती रविवारची खोली, नाहीतर हा ठसा. दोन्ही हातांत दोन्ही नाही राहायचं. आणि वर्कशॉप सुटलं की वरची खोलीही सुटली, हे बायकोला सांगून ये आधी."

धाकट्याला वाटलं होतं, खरं बोलल्यावर आत काहीतरी भक्कम उभं राहील. तसलं काही झालं नाही. तो वर गेला, बायकोला दोन वाक्यांत सांगितलं.

"सामान कुठे न्यायचं ते ठरवलंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आधी जाऊन तर या. मी भांडी आवरायला घेते." ती रडत होती, पण जाऊ नका असं म्हणाली नाही.

हॉस्पिटलच्या स्टोअरवाल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. असं येऊन सांगणारा माणूस त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा. मग ते भडकले. भिंती मोकळ्या ठेवता येणार नाहीत, म्हणाले. आज बारा न्या, तपासून आणा, मग उरलेल्या बारा. आणि सगळं लेखी द्या. धाकट्याने लिहून दिलं. सही करताना पेन दोनदा अडकलं.

टेम्पो वर्कशॉपपुढे थांबला तेव्हा थोरला दारातच हाताची घडी घालून उभा होता. त्याने सगळ्यांना काम थांबवून बोलावलं होतं.

"लाव," तो म्हणाला. "सगळ्यांदेखत लाव. बारा टाक्या आहेत ना? बाराच्या बारा धरल्या, म्हणजे एकही गळली नाही, तर ठसा इथे टेबलावर ठेवायचा आणि चालतं व्हायचं. आणि जाताना म्हणायचं, माझं डोकं फिरलं होतं."

"धरल्या तरी मी खोटाच ठसा मारला होता, दादा."

"ते तुझ्या रविवारच्या खोलीत सांग जाऊन. लाव."

धाकट्याने पहिली टाकी रिकामी केली, पाणी भरलं, पंपाला जोडली. दांडा खालीवर होऊ लागला, काटा सरकत सरकत लाल रेघेवर आला. सगळे टाकीभोवती वाकले. घड्याळात दोन मिनिटं झाली. काटा हलला नाही.

"एक," थोरला म्हणाला.

दुसरी धरली. तिसरी धरली. दुपारचं जेवण कुणी घेतलं नाही. पाचवीनंतर रंगाऱ्याने मोजायचं काम अंगावर घेतलं आणि प्रत्येक आकड्याबरोबर एक टोमणा सोडू लागला. "सहा! देवाने कान दिले ते उगाच का?" धाकट्याचे हात भरून आले होते. कपाळावरचा घाम टाकीवर पडू नये म्हणून तो मान वळवून पंप मारत होता. सातवी धरली. आठवीही धरली.

नवव्या टाकीला काटा रेघेवर आला आणि धाकट्याच्या लक्षात आलं की आपण प्रार्थना करतोय. कितीतरी दिवसांनी शब्द आपोआप येत होते, भरभर, कळवळून. प्रभू, ही गळू दे. एक तरी गळू दे. त्याची नजर टॅगवर गेली. लहान मुलांचा वॉर्ड.

त्याचे कान तापले. आपली अब्रू राहावी म्हणून आपण पोरांच्या उशाची टाकी फुटकी मागतोय! चोवीस खोटे ठसे एका पारड्यात आणि ही एक प्रार्थना दुसऱ्यात घातली असती, तर ही जड भरली असती. त्याने डोळे मिटले. नको, तो मनात म्हणाला. धरू दे. सगळ्या धरू देत. मी जातो सामान घेऊन, पण सगळ्या धरू देत. हे म्हणताना मन पूर्ण राजी होतं असं नाही. तरी तो म्हणाला.

"नऊ!" रंगारी ओरडला.

दहावी धरली. थोरल्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला होता. तो आता टेबलाला टेकून उभा होता, ठसा ठेवायची जागा हाताने झाडत.

अकरावी टाकी बाळंतिणींच्या वॉर्डातली. चोवीसांत सगळ्यात सुरेल वाजलेली हीच, हे धाकट्याला पक्कं आठवत होतं. काटा रेघेवर आला. एक मिनिट झालं. काटा जागचा हलला नाही. रंगाऱ्याने आकडा म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच ठेवलं.

बुडाच्या जोडावर एक थेंब होता.

"वरून ओघळला असेल," थोरला म्हणाला. त्याने खिशातला रुमाल काढून जोड कोरडा पुसला. सगळे वाकून बघत राहिले. लोखंड कोरडं होतं, कोरडंच होतं, आणि मग त्यातून घामासारखा बारीक थेंब वर आला. त्याच्या शेजारी दुसरा आला. मीटरचा काटा थरथरला आणि हळूहळू खाली उतरू लागला. कुणी दांड्याला हात लावला नव्हता.

रंगारी एक पाऊल मागे सरला.

थोरल्याने पुढे होऊन दाब सोडला, पाणी ओतून दिलं, टाकी दोरीला टांगली आणि हातोडी घेतली. त्याने ती हलकेच मारली, बापासारखे डोळे मिटून. टाकी खणखणीत वाजली. त्याने पुन्हा मारली. पुन्हा तितकीच खणखणीत. तिसऱ्यांदा हातोडी उचलली, आणि न मारताच खाली ठेवली.

धाकट्याला वाटलं होतं, असं झालं तर आपण सुटलो. पण त्याचा जीव खाली खाली जात होता. टाकीच्या गळ्यावर त्याचाच दोन नंबर होता, स्वच्छ, खोल, अनुभवी हाताने मारलेला. अठरा दिवस ही टाकी बाळंतिणींच्या दाराशी टांगलेली होती, आणि त्यातले कितीतरी दिवस त्याने चादर अंगावर ओढून स्वतःची कीव करण्यात घालवले होते. प्रभू, एवढाच शब्द पुन्हा आला. या वेळी पुढे काही यायची गरज वाटली नाही.

थोरला उपड्या बादलीवर बसला. त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून नव्हे, त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून मीच मारतोय. शाळा. सिनेमाचं थिएटर. ती बसची कंपनी. माझ्या नंबराच्या किती असतील रे?"

धाकटा त्याच्यासमोर खाली बसला. त्याने सकाळपासून मनात कितीतरी वाक्यं घोळवली होती, भावाला गप्प करणारी. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

"माहीत नाही, दादा."

"तुझ्या देवाला विचार की." यात चेष्टा नव्हती. थोरला खरंच विचारत होता, आणि त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"तो आकडा सांगत नाही," धाकटा म्हणाला. "एकेक लावून बघावी लागते."

थोरल्याने रुमालाने तोंड पुसलं. त्याच रुमालाने जोड पुसला होता, त्यामुळे गालावर गंजाचा पट्टा उमटला, आणि रंगाऱ्याने तो पाहूनही जीभ आवरली. मग थोरला उठला, टेम्पोची किल्ली घेतली आणि दाराकडे निघाला.

"साहेबांच्या हातापाया पडून उरलेल्या बारा आजच आणतो. तू बारावी लाव. आणि जुन्या वह्या काढून ठेव, कुठे कुठे काय दिलंय ते बघायचंय." दारात तो थांबला. पाठ अजून धाकट्याकडेच होती. "सुट्टीबिट्टी काही मिळायची नाही आता, सांगून ठेवतो. रविवारी तुमचं ते किती वाजता सुटतं?"

"अकराला."

"मग साडेअकराला ये," थोरला म्हणाला, आणि टेम्पोत चढला.